शेअरचा भाव पडला तर कंपनीचं नेमकं काय जातं? ढोकीच्या साखर कारखान्यावरून समजून घ्या

लातूरहून बार्शीच्या रस्त्याने निघालं की मुरूड मागे पडतं आणि ढोकी लागतं. धाराशिव जिल्ह्यातल्या या गावाची ओळख म्हणजे तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखाना. मराठवाड्यातल्या सुरुवातीच्या सहकारी साखर कारखान्यांपैकी हा एक. या पट्ट्यातल्या हजारो शेतकरी कुटुंबांनी एकेकाळी पैसे भरून या कारखान्याचे शेअर घेतले.

आता एक साधा प्रश्न. तेरणा कारखान्याच्या शेअरचा आजचा भाव काय?

कुठल्याही अ‍ॅपवर शोधा, सापडणार नाही. कारण या शेअरला बाजारभावच नाही. कारखाना जोरात चालला तेव्हा तो हिरवा झाला नाही आणि कारखाना बंद पडला तेव्हा तो लालही झाला नाही.

दुसरीकडे, मोबाईलवर रोज दिसणाऱ्या कंपन्यांचे भाव मिनिटामिनिटाला हलतात. भाव दहा टक्क्यांनी पडला की "कंपनी बुडाली" म्हणून मीम फिरायला लागतात. ज्याने शेअर घेतलाय त्याचं नुकसान होतं, हे कुणालाही कळतं. पण खुद्द कंपनीचं काय? तिच्या गल्ल्यातून पैसे जातात का? आणि जात नसतील, तर मोठमोठे मालक भावाला एवढे का घाबरतात?

आधी एक गैरसमज दूर करा

शेतकऱ्याने शोरूममधून नवा ट्रॅक्टर घेतला की पैसे कंपनीपर्यंत पोहोचतात. पाच वर्षांनी त्याने तोच ट्रॅक्टर शेजारच्या गावातल्या माणसाला विकला, तर ट्रॅक्टर कंपनीला एक रुपयाही मिळत नाही. तो सौदा दोन शेतकऱ्यांमधला.

शेअरचंही तसंच आहे. कंपनी स्वतः नवे शेअर काढून विकते, म्हणजे आयपीओ आणते, तेव्हा ते पैसे कंपनीला मिळतात. त्यानंतर शेअर बाजारात रोज जी खरेदी-विक्री होते ती जुन्या ट्रॅक्टरची. एकाने विकला, दुसऱ्याने घेतला. भाव शंभराचा दोनशे झाला तरी कंपनीच्या खात्यात काही जमा होत नाही आणि पन्नास झाला तरी खात्यातून काही वजा होत नाही.

आयपीओचे सगळे पैसे कंपनीलाच मिळतात, असंही नाही. मे २०२२ मध्ये एलआयसीचा आयपीओ आला. ९४९ रुपये दराने शेअर विकले गेले आणि सुमारे २१ हजार कोटी रुपये जमा झाले. ते गेले केंद्र सरकारकडे. कारण एलआयसीने नवे शेअर काढलेच नव्हते, सरकारने स्वतःकडचे विकले होते. १७ मे रोजी बाजारात नोंदणी झाली तेव्हा भाव ९४९ च्या खाली उघडला. ज्यांनी शेअर घेतले होते त्यांचा हिरमोड झाला. पण त्या दिवशी एलआयसीच्या तिजोरीत काही फरक पडला नाही आणि कुणाची पॉलिसीही लहान झाली नाही.

भाव कोसळला, पण गव्हाण चालूच होती

साखरेच्या धंद्यातलं उदाहरण घ्या. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने त्या हंगामात उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. बातमी येताच बलरामपूर चिनी, द्वारिकेश यांसारख्या शेअर बाजारातल्या साखर कंपन्यांचे भाव धडाधड पडले.

त्या दुपारी या कंपन्यांच्या कारखान्यांत काय बदललं? ऊस तोच होता, गव्हाणीत मोळ्या पडतच होत्या, साखरेची पोती भरली जातच होती. तरीही बाजाराने कंपनीची किंमत काही तासांत शेकडो कोटींनी कमी केली.

बाजाराने हिशोब केला होता तो पुढचा. इथेनॉल कमी म्हणजे पुढच्या वर्षाचा नफा कमी, असा. आठवड्याभरात, १५ डिसेंबरला, सरकारने मर्यादेत परवानगी दिली आणि हा अंदाज पुन्हा बदलला.

हाच फटका महाराष्ट्रातल्या इथेनॉल करणाऱ्या सहकारी कारखान्यांनाही बसला होता. फरक एवढाच की त्यांच्या शेअरला भाव नसल्यामुळे तो कुठल्याही पडद्यावर दिसला नाही. सभासदाला कळायचं ते पुढे, उसाच्या बिलातून.

थोडक्यात, शेअरचा भाव म्हणजे कंपनीच्या उद्याबद्दल लोकांनी आज केलेला अंदाज. मग या अंदाजाला कंपनीने भीक का घालावी? त्याची चार कारणं आहेत.

कारण पहिलं : पुन्हा पैसे लागले तर?

समजा एका कंपनीचे एकूण दहा कोटी शेअर आहेत आणि तिला शंभर कोटी रुपये उभे करायचे आहेत. बाजारात भाव शंभर रुपये असेल तर एक कोटी नवे शेअर विकून काम भागतं. नव्या माणसाकडे जाते अकराव्या हिश्श्याची मालकी, म्हणजे साधारण नऊ टक्के.

आता भाव वीस रुपये आहे असं धरा. तेवढ्याच शंभर कोटींसाठी पाच कोटी नवे शेअर काढावे लागतील. मग नव्या माणसाकडे जाते एक तृतीयांश मालकी. पैसे तेवढेच, पण कंपनीचा मोठा तुकडा हातातून जातो.

हे नुसतं गणित नाही. बेळगावच्या श्री रेणुका शुगर्सचं असंच काहीसं झालं. मुरकुंबी कुटुंबाने १९९८ साली सुरू केलेली ही कंपनी २००५ मध्ये शेअर बाजारात आली. इचलकरंजीजवळचा पंचगंगा सहकारी कारखाना भाड्याने चालवायला घेणारी कंपनी ती हीच. २०१० च्या सुमारास तिने थेट ब्राझीलमधल्या साखर कंपन्या घेतल्या. तेव्हा शेअरने शंभरी पार केली होती. पुढे ब्राझीलचा धंदा अडचणीत आला, कर्ज डोक्यावर बसलं आणि भाव कोसळला.

२०१४ मध्ये सिंगापूरची विल्मार कंपनी पैसे घेऊन आली तेव्हा शेअर पंचवीस रुपयांच्याही खाली होता. म्हणजे तेवढ्याच पैशांत आधीपेक्षा कितीतरी जास्त मालकी मिळत होती. २०१८ मध्ये कर्जाची फेररचना झाली, विल्मारने आणखी पैसे घातले आणि कंपनीचा ताबा तिच्याकडे गेला. ज्यांनी कंपनी उभी केली ते मुरकुंबी बाहेर पडले.

रेणुका अडचणीत आली ती कर्जामुळे, भाव पडल्यामुळे नाही. पण अडचणीतून बाहेर पडण्यासाठी द्यावी लागलेली किंमत भावाने ठरवली.

कधीकधी तर पैसे उभे करणंच थांबतं. जानेवारी २०२३ मध्ये अदानी एंटरप्रायझेसने २० हजार कोटी रुपयांचे शेअर विकायला काढले. दर होता ३,११२ ते ३,२७६ रुपये. त्याआधीच, २४ जानेवारीला, हिंडेनबर्गचा अहवाल आला आणि समूहाचे शेअर गडगडले. विक्री पूर्ण भरली खरी, पण बाजारात तोच शेअर कितीतरी स्वस्तात मिळत होता. १ फेब्रुवारीला कंपनीने विक्री मागे घेतली आणि पैसे परत करायचं ठरवलं. म्हणजे बाजारातल्या भावामुळे पूर्ण भरलेली २० हजार कोटींची विक्री सोडावी लागली.

कारण दुसरं : शेअर हेच चलन

मोठी कंपनी दुसरी कंपनी विकत घेते तेव्हा दर वेळी रोख पैसे मोजतेच असं नाही. बऱ्याचदा स्वतःचे शेअर देते.

दहा मिनिटांत किराणा आणून देणारी ब्लिंकिट जून २०२२ मध्ये झोमॅटोने घ्यायची ठरवली ती अशीच. व्यवहार सुमारे ४,४४७ कोटी रुपयांचा होता. झोमॅटोने त्या बदल्यात जवळपास ६२.८५ कोटी नवे शेअर द्यायचं ठरवलं, प्रत्येकी ७०.७६ रुपये धरून. तोच भाव दुप्पट असता तर निम्म्या शेअरमध्ये काम झालं असतं.

शेअर वधारलेला असेल तर कंपनी इतरांना सहज विकत घेऊ शकते. शेअर पडलेला असेल तर तिच्याकडेच कुणाची तरी नजर वळते. आपल्याकडे सेबीचा नियम असा, की कुणाकडे एखाद्या नोंदणीकृत कंपनीचे २५ टक्के शेअर जमा झाले, तर त्याने बाकीच्या भागधारकांकडून किमान आणखी २६ टक्के शेअर घेण्याची खुली ऑफर द्यायला हवी. भाव पडलेला असताना ही सगळी खरेदी स्वस्तात होते.

कारण तिसरं : मालकाने शेअर गहाण ठेवले असतील तर

शेतकरी सोनं तारण ठेवून कर्ज काढतो, तसे कंपन्यांचे प्रवर्तक आपले शेअर तारण ठेवून कर्ज काढतात. सोन्याचा भाव पडला तर बँक म्हणते, आणखी सोनं आणा नाहीतर पैसे भरा. शेअरचंही तेच. फक्त शेअरचा भाव सोन्यापेक्षा कितीतरी वेगाने पडतो.

झी एंटरटेनमेंटचं प्रकरण यातलं सगळ्यात बोलकं. सुभाष चंद्रा यांच्या एस्सेल समूहाने पायाभूत सुविधांसारख्या इतर धंद्यांसाठी मोठी कर्जं काढली होती आणि त्यापोटी झीचे शेअर तारण होते. २५ जानेवारी २०१९ या एका दिवसात झीचा भाव पाव हिश्श्याहून जास्त कोसळला. कर्ज देणाऱ्यांनी तारण शेअर बाजारात विकायला काढले असते तर भाव आणखी पडला असता. म्हणून समूहाने मुदत मागून घेतली. पण कर्ज फेडायला पुढे शेअर विकावेच लागले. एकेकाळी ४० टक्क्यांच्या आसपास असलेला प्रवर्तकांचा वाटा ४ टक्क्यांच्या आसपास आला.

गंमत म्हणजे या काळात झीच्या वाहिन्या चालू होत्या आणि कंपनी नफ्यात होती. कर्ज समूहाच्या दुसऱ्याच धंद्यांचं होतं. तरी मालकी हलली ती भावामुळे.

कारण चौथं : आतली माणसं आणि बाहेरची पत

१९८१ साली पुण्यात नोंदणी झालेल्या इन्फोसिसने नव्वदच्या दशकात कर्मचाऱ्यांना शेअर द्यायला सुरुवात केली. आज आयटी कंपन्या आणि स्टार्टअपमध्ये ही पद्धत सर्रास आहे. पगाराचा एक भाग शेअरमध्ये मिळणार असेल, तर भाव वाढला की माणूस टिकतो. भाव पडून राहिला की तोच माणूस दुसरीकडे मुलाखत द्यायला लागतो. मग कंपनीला रोख पगार वाढवावा लागतो आणि इथे मात्र गल्ल्यातून खरेच पैसे जातात.

बाहेरच्या जगाचंही तसंच. बँक कर्ज देते ते ताळेबंद पाहून, भाव पाहून नाही. पण भाव सतत घसरत असेल तर बँक तो ताळेबंद जास्त बारकाईने पाहते. माल उधारीवर देणारा व्यापारीही दोन प्रश्न जास्त विचारतो.

म्हणजे रोजच्या भावाने कंपनीचं काही बिघडत नाही. पण तिला पैसे हवे असतील, काही विकत घ्यायचं असेल, शेअर गहाण असतील किंवा माणसं टिकवायची असतील, तर हाच भाव निर्णायक ठरतो. अशी वेळ धडधाकट कंपनीवर कधीतरी येते, अडचणीतल्या कंपनीवर रोज.

मग ढोकीच्या शेअरला भाव का नाही?

कारण तो मुद्दामच ठेवलेला नाही.

सहकारी साखर कारखाना ही कंपनी नसते, सहकारी संस्था असते. पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला नगर जिल्ह्यात विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकारातून प्रवरेचा कारखाना सुरू झाला आणि हाच नमुना पुढे राज्यभर गेला. त्यामागचा विचार साधा होता. कारखाना ऊस पिकवणाऱ्याच्याच मालकीचा राहावा, पैसेवाल्याने बाहेरून येऊन तो विकत घेऊ नये.

म्हणून नियमही तसेच झाले. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० नुसार सभासदाकडे एक शेअर असो की पन्नास, मत एकच. शेअर हवा त्याला, हव्या त्या दराने विकता येत नाही. संस्था शेअर परत घेते तेव्हा भरलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. लाभांशही निबंधकांच्या परवानगीशिवाय १५ टक्क्यांच्या वर देता येत नाही.

मग शेतकऱ्याने हा शेअर घ्यायचा कशासाठी? उसासाठी. सभासद झालं की आपला ऊस वेळेवर तोडला जाईल, कारखाना नफ्यात आला तर उसाला दोन पैसे जास्त मिळतील, सवलतीची साखर मिळेल. शेअर बाजारातला माणूस नफा शोधतो शेअरच्या भावात, सहकारातला सभासद शोधतो उसाच्या भावात.

या शेअरची किंमत कधी वाढतच नाही असं नाही. पण वाढते ती उलट्या पद्धतीने. राज्यातल्या सहकारी कारखान्यांच्या शेअरची दर्शनी किंमत सरकारी निर्णयाने टप्प्याटप्प्याने वाढत गेली. अलीकडे ती दहा हजारांवरून पंधरा हजार रुपये करण्यात आली. शेअर बाजारात शेअर दहाचा पंधरा झाला तर लोक पेढे वाटतात. इथे मात्र वरचे पाच हजार सभासदालाच भरावे लागतात, अनेकदा उसाच्या बिलातून कापून. कारखान्याला नवं भांडवल उभं करायचं तर ते बाजारातून नाही, सभासदाच्या खिशातून, सरकारकडून नाहीतर बँकेच्या कर्जातून.

आणि खरी गोम इथेच आहे.

तेरणाचं काय झालं?

तेरणा कारखाना कर्जात अडकला. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेची देणी थकली. बँक स्वतःही अडचणीत होती आणि तिच्या मोठ्या थकबाकीदारांत तेरणा आणि नळदुर्गचा तुळजाभवानी हे जिल्ह्यातलेच दोन कारखाने होते. थकीत कर्जापोटी बँकेने तेरणाचा ताबा घेतला. अनेक हंगाम ढोकीचं धुराडं थंड राहिलं. पुढे वाद कोर्टकचेरीपर्यंत गेले आणि अखेर भैरवनाथ शुगर या खासगी कंपनीला कारखाना भाडेतत्त्वावर चालवायला मिळाला.

आता हे शेअर बाजाराच्या चष्म्यातून बघा.

कारखाना नोंदणीकृत कंपनी असता तर कर्ज थकायला लागल्याबरोबर भाव घसरायला लागला असता. ताळेबंद न वाचणाऱ्यालाही काहीतरी बिनसलंय हे कळलं असतं. ज्याला बाहेर पडायचं होतं तो तोटा सोसून का होईना, उरलेले पैसे घेऊन बाहेर पडला असता. संचालक मंडळाला दर तीन महिन्यांनी आकडे जाहीर करावे लागले असते आणि आकडे वाईट आले की दुसऱ्या दिवशी बाजाराने त्यांना जाब विचारला असता.

ढोकीच्या सभासदाकडे यातलं काहीच नव्हतं. कारखाना जोरात असताना त्याच्या शेअरची जी किंमत कागदावर होती, तीच कारखाना बंद असतानाही कागदावर होती. ती पाहून काही कळायची सोय नव्हती. विकून बाहेर पडायचीही सोय नव्हती. हातात होतं ते वार्षिक सभेत बोलणं आणि निवडणुकीत एक मत. ते वापरायचं तर आधी कारखान्यात काय चाललंय हे कळायला हवं. धुराडं थंड पडलं तेव्हा ऊस घालायला दुसऱ्या कारखान्याचं दार ठोठावायचं आणि तिथे आधी त्यांच्या सभासदांचा नंबर.

कारखाना भाड्याने गेल्यावर अनेकांचा आणखी एक गोंधळ होतो. सहकारी संस्थेचा सभासद हा ती चालवणाऱ्या खासगी कंपनीचा भागधारक होत नाही. भाड्याने घेणारी कंपनी वेगळी, तिचे मालक वेगळे. तिला नफा झाला तर त्यावर जुन्या शेअरच्या कागदाचा हक्क नाही. त्या कागदाचं भवितव्य संस्थेच्या देण्यांशी बांधलेलं आहे, आणि देणी फेडताना सभासदाचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. हा शेवटचा नंबर मात्र कंपनीतही भागधारकाचाच असतो.

म्हणजे भाव असता तर कारखाना वाचला असता?

असं म्हणता येत नाही. रेणुकाच्या शेअरला भाव होता, तो रोज दिसत होता, तरी कंपनी मूळ मालकांच्या हातातून गेलीच. भाव धोक्याची घंटा वाजवतो, आग विझवत नाही.

शिवाय ज्या दारातून सभासदाला बाहेर पडता आलं असतं, त्याच दारातून दुसरं कुणीतरी आत आलं असतं. नड असलेला शेतकरी लग्नात, दुष्काळात, दवाखान्यासाठी पहिल्यांदा शेअर विकतो. धाराशिवसारख्या कायम पावसाची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात दोन-तीन कोरडी वर्षं पुरली असती आणि कारखान्याचे बहुतांश शेअर मोजक्या हातांत गेले असते. प्रवरेच्या काळातल्या माणसांना नेमकं हेच टाळायचं होतं.

बाजाराचा अंदाज चुकतोही. इथेनॉलच्या बातमीने एका दिवसात पडलेले भाव आठवड्यात फिरले होते. रोजच्या भावावर नजर ठेवून चालणारी कंपनी पाच वर्षांनी फळ देणारी गुंतवणूक टाळते आणि या तिमाहीचे आकडे चांगले दिसतील असं काहीतरी करत बसते. याच जिल्ह्यात, कळंब तालुक्यातल्या रांजणीचा नॅचरल शुगर कारखाना कंपनी म्हणून चालतो, पण तिची शेअर बाजारात नोंदणी नाही. म्हणजे सहकार आणि शेअर बाजार यांच्या मधलाही रस्ता आहे.

भाव नसण्याची एक बाजू संरक्षणाची आहे आणि दुसरी अंधाराची. सहकाराने शेतकऱ्याला पहिली बाजू कायद्याने दिली. दुसरी बाजू सांभाळायची जबाबदारी मात्र लेखापरीक्षण, वार्षिक सभा आणि सभासदांची जागरूकता यांच्यावर सोडली. या तिन्ही गोष्टी ढिल्या पडल्या की संरक्षण कुणाचं होतं, हा प्रश्न उरतो.

भाव नसेल तर काय बघायचं?

घरात एखाद्या सहकारी कारखान्याचा शेअर असेल, तर त्याच्या भावाचं काम चार आकडे करू शकतात. ते वार्षिक अहवालात असतात आणि तो अहवाल सभासदाला मिळायला हवा.

पहिला, संचित तोटा. वर्षानुवर्षांचा तोटा साठून किती झालाय, तो वाढतोय की घटतोय.

दुसरा, नक्त मूल्य. सगळी मालमत्ता विकून सगळी देणी फेडली तर काय उरेल. हा आकडा उणे असेल तर शेअरवर छापलेल्या दहा-पंधरा हजारांना फारसा अर्थ नाही.

तिसरा, कर्ज आणि त्याचं व्याज. साखरेचं उत्पादन तेवढंच आणि कर्ज मात्र दरवर्षी वाढतंय, तर प्रश्न विचारायची वेळ झाली.

चौथा, शेतकऱ्यांची थकलेली ऊसबिलं. कायद्याने ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी द्यावी लागते. कारखाना अडचणीत आला की पहिल्यांदा इथेच उशीर व्हायला लागतो.

शेवटच्या आकड्यासाठी तर अहवालाचीही वाट पाहावी लागत नाही. पुण्याच्या साखर आयुक्तालयाने २०२१ मध्ये एफआरपी वेळेवर न देणाऱ्या कारखान्यांची लाल यादीच काढली होती. कुठल्या कारखान्याला ऊस घालताना सावध राहायचं, हे शेतकऱ्याला आधी कळावं म्हणून. शेअर बाजारात लाल आकडा जे काम करतो, तेच काम इथे एका सरकारी यादीने केलं.

तेव्हा पुढच्या वेळी एखाद्या कंपनीचा शेअर आपटला आणि "कंपनी संपली" असा मेसेज ग्रुपवर आला, तर पुढे पाठवण्याआधी दोन गोष्टी तपासा. या कंपनीला लवकरच पैसे उभे करायचे आहेत का? आणि मालकाने शेअर गहाण ठेवलेत का? दोन्हीचं उत्तर नाही असेल, तर आजच्या पडझडीने कंपनीचं फारसं बिघडत नाही. गहाण शेअरची माहिती कंपन्यांना शेअर बाजाराकडे द्यावीच लागते, ती कुणालाही पाहता येते.

आणि ज्या शेअरचा भाव वर्षानुवर्षं हललाच नाही, त्याचा अहवाल एकदा उघडून बघा. वार्षिक सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हायला हवी. तिथे प्रश्न विचारायला एक शेअर पुरतो.